‘व्हेरी’ काढलं, मग त्या जागी काय? लातूरच्या एका नर्सच्या इंग्रजीचं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूरला मी नर्सिंग झालेल्या मुलींना इंग्रजी शिकवते. बहुतेक जणी जीएनएम नाहीतर बीएस्सी नर्सिंग, औसा निलंगा उदगीर अहमदपूर इकडच्या, काही अंबाजोगाईहून एसटीनं येणाऱ्या, आणि सगळ्यांचं वेळापत्रक ड्युटीवर चालतं, म्हणजे नाइट करून आलेली पोरगी सकाळी दहाला क्लासमध्ये डोळे चोळत बसलेली असते. परदेशात नोकरी करायची तर आधी इंग्रजीची परीक्षा काढावी लागते, आयएल्ट्स नाहीतर ओईटी (ही खास आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची), आणि त्या परीक्षेची फी भरायला घरच्यांनी कुठंतरी हात आखडता घेतलेला असतो, म्हणून प्रत्येक चूक महागात पडते.

हे प्रकरण त्यातल्या एकीचं आहे. तिला इथं वर्षा म्हणते. नाव खरं नाही, गाव सांगत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत. लिहायला तिची परवानगी आहे, उलट तीच म्हणाली की मॅडम लिहाच, माझ्यासारख्या लई जणी अजून त्याच शब्दांच्या यादीच्या पीडीएफवर बसल्यात.

वर्षा औसा तालुक्यातली, शाळा मराठी माध्यमाची. लातूरच्या एका खासगी हॉस्पिटलात ऑर्थोच्या वॉर्डला होती. काम एकदम चोख, ड्रेसिंग असो नाहीतर चार्ट, इनचार्ज सिस्टर अख्खी शिफ्ट तिच्यावर टाकून निर्धास्त असायच्या. इंग्रजी वाचायला बऱ्यापैकी यायचं, बोलताना लिहिताना मात्र सगळीकडं ‘व्हेरी’. व्हेरी टायर्ड, व्हेरी पेनफुल, व्हेरी बिग, व्हेरी वरीड. चूक नव्हती त्यात काही, पण दहा ओळींत आठदा व्हेरी आलं की वाचणाऱ्याला कशाचंच माप लागत नाही, सगळं एकाच उंचीचं वाटतं.

तिला जायचं होतं यूकेला. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, ओईटी चालते. पाचशेपैकी लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगला प्रत्येकी 350 लागतात, रायटिंगला 300. रायटिंगमध्ये एका पेशंटच्या केस नोट्स हातात देतात, पाच मिनिटं त्या वाचायला, चाळीस मिनिटं लिहायला, आणि त्यावरून पुढच्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायचं, 180 ते 200 शब्दांच्या आसपास. स्पीकिंगला दोन रोल-प्ले असतात, समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि तुम्ही नर्सच असता.

अडचण काय झाली

माझ्याकडं यायच्या आधी तिनं एक ऑनलाइन क्लास केला होता. तिथं सांगितलं, ‘व्हेरी’ वापरलं की मार्क गेले, आणि एक पीडीएफ दिली. पानंच्या पानं जोड्या. व्हेरी टायर्ड म्हणजे एक्झॉस्टेड, व्हेरी हंग्री म्हणजे स्टार्व्हिंग, व्हेरी अँग्री म्हणजे फ्युरियस, व्हेरी ओल्ड म्हणजे एन्शन्ट, व्हेरी बिग म्हणजे जायगँटिक, व्हेरी डर्टी म्हणजे फिल्दी, व्हेरी थिन म्हणजे इमेशिएटेड, व्हेरी फॅट म्हणजे ओबीस. वर्षानं ते सगळं पाठ केलं, नाइट ड्युटीत दोन राउंडच्या मधल्या वेळात मोबाइल समोर ठेवून. पाठांतरात आपली पोरं कुणाला हार जात नाहीत. पण पाठ झालेला शब्द कुठंतरी वापरावासा वाटतोच, आणि तिनं तो वापरला.

पहिल्याच आठवड्यात तिनं एक सरावाचं पत्र लिहून आणलं. केस नोट्समध्ये होतं असं की 78 वर्षांचे गृहस्थ, उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, वेदना दहापैकी चार, जखमेच्या कडेला थोडी सूज, झोप नीट नाही, आणि एका तपासणीसाठी उपाशी ठेवलंय म्हणून खायला मागतायत. वर्षानं लिहिलं होतं, ‘ही इज ॲन एन्शन्ट मॅन विथ एक्स्क्रुशिएटिंग पेन अँड जायगँटिक स्वेलिंग. ही इज व्हेरी एक्झॉस्टेड अँड स्टार्व्हिंग.’

आता हे पत्र ज्या डॉक्टरच्या हातात पडेल त्यानं काय समजायचं? जायगँटिक स्वेलिंग वाचून तो म्हणणार, जखमेत काहीतरी गंभीर झालंय, किंवा पायात रक्ताची गुठळी झाली असेल, ताबडतोब बघा. एक्स्क्रुशिएटिंग म्हणजे सहन होण्याच्या पलीकडची कळ, मग वेदनाशामक वाढवायला पाहिजे. स्टार्व्हिंग, म्हणजे वॉर्डात पेशंटला जेवायला देत नाहीत का? घरी आई पोराला म्हणते ‘भुकेनं जीव चाललाय का तुझा’ तसं इंग्रजीतही माणसं गप्पांत ‘आय ॲम स्टार्व्हिंग’ म्हणतात, ते चालतं. हॉस्पिटलच्या कागदावर तोच शब्द उपासमार सांगतो. आणि एन्शन्ट हा शब्द अजिंठ्याच्या लेण्यांना शोभतो, 78 वर्षांच्या आजोबांना तो लावला तर अपमान होतो.

म्हणजे आधीच्या ‘व्हेरी’नं निदान खोटं तरी सांगितलं नव्हतं. यादीतल्या शब्दांनी पेशंटची स्थितीच बदलून टाकली. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे, कारण या याद्या बनवणारे दोन शब्दांच्या मध्ये बरोबरची खूण घालून मोकळे होतात. व्हेरी थिन आणि इमेशिएटेड बरोबर नाहीत, इमेशिएटेड म्हणजे आजारानं किंवा उपासमारीनं हाडं वर आलेला माणूस. ओबीस तर वैद्यकीय मोजमापाचा शब्द आहे, बीएमआय 30 किंवा त्याच्या वर गेला की वापरतात, नुसतं डोळ्यांनी बघून वापरायचा नाही.

त्यात अजून एक गोष्ट होती जी मला जास्त धोक्याची वाटली. यादीत ‘अक्यूट’ आणि ‘क्रॉनिक’ हे दोन्ही शब्द वेदनेच्या जोरदार विशेषणांत टाकले होते. आपल्याकडं शाळेपासून अक्यूट म्हणजे तीव्र असं डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळं कुणाला संशयही येत नाही. हॉस्पिटलच्या इंग्रजीत मात्र हे शब्द मुख्यतः काळ सांगतात, किती दुखतंय ते सांगत नाहीत. अक्यूट म्हणजे अचानक सुरू झालेलं, अलीकडचं. क्रॉनिक म्हणजे रेंगाळलेलं, वेदनेच्या बाबतीत साधारण तीन महिन्यांच्या वर चाललेलं. जुनाट कंबरदुखी सौम्यसुद्धा असू शकते. वर्षा हे कामावर रोज ऐकत होती, फाइलवर वाचत होती, तरी पत्र लिहायला बसली की यादीतला अर्थ वर यायचा.

कोणते मार्ग समोर होते

पहिला मार्ग सगळ्यात सोपा होता, यादी फेकून दे आणि परत ‘व्हेरी’वर ये. तिच्या इनचार्ज सिस्टरांचं मत हेच होतं. त्या तिला म्हणाल्या, ‘अगं डॉक्टरला आकडा दे, विशेषण कशाला देतीस? टेंपरेचर एकशे दोन असंल तर एकशे दोन लिही.’ आणि ते पत्रापुरतं जवळजवळ पूर्ण खरं आहे. ओईटीच्या रायटिंगच्या निकषांत मोजकेपणा आणि स्पष्टपणा हा वेगळा निकष आहे, शैली योग्य आहे का हा वेगळा, तिथं अलंकारिक शब्दांना कुणी जास्तीचे मार्क देत नाही. पण स्पीकिंगमध्ये नुसता आकडा पुरत नाही. समोरची बाई रडवेली होऊन बसलीय आणि तुम्ही ‘यू आर व्हेरी सॅड’ म्हणताय, हे काही खरं नाही.

दुसरा मार्ग, ओईटी सोडून आयएल्ट्सला जायचं. मैत्रिणींचा आग्रह होता, त्यांचं म्हणणं तिथं मोठमोठ्या शब्दांना मार्क असतात. आयएल्ट्समध्ये शब्दसंपत्तीचा निकष आहे हे खरं, रायटिंग आणि स्पीकिंग दोन्हीकडं तो चारातला एक आहे. पण सातच्या बँडला ते काय मागतात ते नीट वाचा, कमी वापरातले शब्द पाहिजेत आणि सोबत शैलीची आणि कोणता शब्द कुणासोबत बसतो याची जाणीवही पाहिजे. म्हणजे ‘जायगँटिक स्वेलिंग’ तिथंही आपटलं असतं. शिवाय एनएमसीला आयएल्ट्सच्या रायटिंगला 6.5 लागतात आणि बाकी तिन्हीला 7, त्यात निबंधाचे विषय कुठलेही, आणि वर्षाची ताकद तर वॉर्डात होती. तिनं दोन दिवस विचार केला आणि ओईटीच धरली. मला तो निर्णय तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो.

तिसरा मार्ग वाचनाचा, रोज इंग्रजी पेपर वाच, शब्द आपोआप मुरतील. उत्तम मार्ग आहे, पण त्याला वर्षं लागतात आणि बारा तासांची ड्युटी करणाऱ्या पोरीला तो सांगणं म्हणजे तिला नुसतं अपराधी वाटायला लावणं.

चौथा मार्ग आम्ही घेतला. यादी पूर्ण फेकायची नाही, पाठांतरावर घेतलेली मेहनत वाया घालवायची नाही, पण त्यातले मोजके शब्द घेऊन प्रत्येकाला त्याच्या पट्टीवर जागा द्यायची. वर्षा सुरुवातीला नाराज होती. ‘मॅडम, एवढं पाठ केलंय, आता त्यातलं निम्मं वापरूच नको म्हणता?’ असं म्हणाली, आणि तिचं चुकत नव्हतं.

काय केलं

पट्टी तिला शिकवायची गरजच नव्हती, ती रोज वापरत होती. पेशंटच्या खाटेशी उभं राहून ‘आजोबा, शून्य ते दहा, किती दुखतंय?’ हे ती दिवसातनं कितीतरी वेळा विचारायची, आणि आजोबा ‘लई दुखूलालंय’ म्हणाले तरी ती आकडा घेतल्याशिवाय हलायची नाही. मग मी एवढंच म्हटलं, हाच प्रश्न शब्दाला विचार. एक ते तीन माइल्ड, चार ते सहा मॉडरेट, सात ते दहा सिव्हिअर, ही वाटणी हॉस्पिटलात सर्रास चालते. एक्स्क्रुशिएटिंग अगदी टोकाला, आणि तेसुद्धा पेशंटनं तसं सांगितलं असेल तरच, ‘ही डिस्क्राइब्ड द पेन ॲज एक्स्क्रुशिएटिंग’ असं, त्याच्या तोंडी घालून.

इथं मला एक जुनी गोष्ट फार उपयोगी पडली. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, मॅकगिल पेन क्वेश्चनेअर. त्यात वेदनेची 78 विशेषणं आहेत, वीस गटांत लावलेली, आणि गटातले शब्द हलक्याकडून जोरदाराकडं चढत जातात. पहिलाच गट बघा, फ्लिकरिंग, क्विव्हरिंग, पल्सिंग, थ्रॉबिंग, बीटिंग, पाउंडिंग. एकाच प्रकारचं दुखणं, पण पायरी पायरीनं वर. आणि एकूण वेदना किती याच्यासाठी वेगळी पाच पायऱ्यांची पट्टी, माइल्ड, डिसकम्फर्टिंग, डिस्ट्रेसिंग, हॉरिबल, एक्स्क्रुशिएटिंग. म्हणजे वेदनेच्या अभ्यासकांनी जोरदार विशेषणांचा खरोखर उपयोग केलाय, मोजायला केलाय.

हे बघितल्यावर वर्षाच्या लक्षात आलं की वेदनेचा शब्द दोन गोष्टी सांगतो, किती दुखतंय आणि कसं दुखतंय, आणि यादीनं तिला फक्त ‘किती’ शिकवलं होतं. ‘कसं’ तर आपल्या पेशंटांकडून रोज ऐकायला मिळतं. ठणकतंय, सणक मारतीय, जळजळ होतीय, मुरडा येतोय, कुणीतरी सुरी खुपसल्यागत होतंय. आम्ही एक दुपार फक्त यावर घातली. ठणका म्हणजे थ्रॉबिंग, सणक किंवा चमक म्हणजे शूटिंग, जळजळ म्हणजे बर्निंग, मुरडा म्हणजे क्रॅम्पिंग, सुरी खुपसल्यागत म्हणजे स्टॅबिंग, आणि नुसतं आतल्या आत जड दुखत राहतं ते डल एक. तिनं घरी जाऊन वॉर्डातल्या तिच्या आठवणीतल्या पेशंटांची वाक्यं लिहून काढली, आणि प्रत्येकासमोर इंग्रजी शब्द. त्या वहीला मी यादीपेक्षा शंभरपट किंमत देईन.

मग साध्या विशेषणांची पट्टी, पण तिच्या स्वतःच्या आयुष्यातली. नियम एकच, पट्टीच्या टोकावर अशी गोष्ट ठेवायची जी तिला खरोखर माहीत आहे. ‘हॉट’ची पट्टी सोपी गेली, दिवाळीनंतरचं ऊन वॉर्म, मार्चमधलं हॉट, आणि मे महिन्यात दुपारी गंजगोलाईत चालताना चप्पल डांबराला चिकटते ते स्कॉर्चिंग. ‘ड्राय’ला तिनं टोकाला ठेवला 2016 चा उन्हाळा, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो, तेव्हा मांजरा धरण कोरडंठाक पडलं होतं आणि ती शाळेत होती. तिथं बोन ड्राय. आणि ‘अफ्रेड’ची पट्टी करताना ती थांबली. त्याआधी ती बस चुकली तरी टेरिफाइड, म्हणजे भेदरलेली, आणि मोबाइलची बॅटरी संपली तरी डेव्हास्टेटेड, म्हणजे पार उद्ध्वस्त, लिहायची. तिच्या आजीचं माहेर किल्लारीकडचं. 30 सप्टेंबर 1993 ची ती भूकंपाची पहाट, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते आणि चार वाजायच्या आत हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली, हे तिनं आजीच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेलं. तिनं टेरिफाइड आणि डेव्हास्टेटेड दोन्ही शब्द तिथं नेऊन ठेवले. बस चुकली त्याला अनॉइड, बॅटरी संपली त्याला तर विशेषणाचीही गरज नाही. त्यानंतर तिच्या वहीत हे दोन शब्द उगाच आलेले मी पाहिले नाहीत.

‘व्हेरी एक्झॉस्टेड’चा घोटाळा वेगळा होता, तो व्याकरणाचा. जोरदार विशेषणात ‘फार’ हे आधीच भरलेलं असतं, म्हणून त्याच्या आधी परत व्हेरी लावत नाहीत. आपल्याकडं काळाकुट्ट, ओलाचिंब, नवाकोरा म्हणतो, ‘लई नवाकोरा’ म्हणत नाही, तसंच. व्हेरी टायर्ड बरोबर, व्हेरी एक्झॉस्टेड कानाला खटकतं, तिथं जोर द्यायचाच असेल तर ॲब्सोल्युटली किंवा कम्प्लीटली. रिअली दोन्हीकडं चालतं, रिअली टायर्ड आणि रिअली एक्झॉस्टेड, त्यामुळं बोलताना अडखळली तर रिअली लाव आणि पुढं जा, असं मी तिला सांगून ठेवलं. हा भाग तिला अर्ध्या तासात कळला, त्यावर जास्त वेळ घालवलाच नाही.

जास्त वेळ गेला जोडीदार शब्दांवर. कोणता शब्द कुणासोबत राहतो हे. रक्तस्राव हेवी किंवा प्रोफ्यूज (भरपूर वाहणारा) असतो, बिग नसतो आणि स्ट्राँगही नसतो. ताप हाय असतो. घामही प्रोफ्यूज. सूज माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर, किंवा सरळ मोजून सेंटिमीटरमध्ये. जखमेला फिल्दी म्हणायचं नाही, कंटॅमिनेटेड म्हणायचं. यादीतलं ‘सोक्ड’ मात्र जसंच्या तसं उपयोगी पडलं, ड्रेसिंग रक्तानं भिजलं असेल तर ‘द ड्रेसिंग वॉज सोक्ड विथ ब्लड’ यापेक्षा नेमकं काही नाही. तो शब्द सापडल्यावर ती खूश झाली, एवढ्या पाठांतरातला एक तरी जिथल्या तिथं बसला म्हणून.

रोल-प्लेमधला अवघड निर्णय

पत्र सुधारत गेलं, बोलण्याचं मात्र वेगळं होतं. एका रोल-प्लेमध्ये मी पेशंट झाले, उद्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि म्हटलं, ‘आय ॲम अ बिट वरीड अबाउट द ॲनेस्थेशिया.’ वर्षा लगेच म्हणाली, ‘आय अंडरस्टँड यू आर टेरिफाइड.’ हेतू चांगला होता, सहानुभूती दाखवायची होती. पण पेशंट म्हणतो थोडी काळजी वाटते आणि नर्स म्हणते तुम्ही भेदरलात, मग पेशंटला वाटणार की भ्यायला पाहिजे असं काहीतरी आहे वाटतं.

दोन पर्याय होते. एक, भावनेची जोरदार विशेषणं स्पीकिंगमधनं पूर्ण काढून टाकायची, वरीड आणि अपसेट एवढ्यावरच भागवायचं. यात धोका कमी, पण मग खरोखर कोलमडलेला माणूस समोर आला तर त्याच्या दुःखालाही ‘अपसेट’ म्हणून बसायचं. दुसरा, पेशंटच्या शब्दाच्या पायरीवर थांबायचं. तो ‘अ बिट वरीड’ म्हणाला तर आपण ‘वरीड’ म्हणायचं, तो ‘टेरिफाइड’ म्हणाला तर आपणही कचरायचं नाही, ‘दॅट साउंड्स रिअली फ्रायटनिंग’ म्हणायचं. आणि जिथं शब्दापेक्षा चेहरा जास्त बोलतोय तिथं स्वतः विशेषण न लावता विचारायचं, ‘हाउ आर यू फीलिंग अबाउट टुमॉरो?’

आम्ही दुसरा घेतला. याला सराव खूप लागला, कारण ऐकावं लागतं, आणि पाठ करून आलेल्या मुलीचं निम्मं लक्ष पुढच्या वाक्यात असतं. माझ्या क्लासमधल्या दुसऱ्या मुलीला पेशंट करायचे आणि वर्षाला सांगायचे की आधी तिचा शब्द परत म्हण, मग तुझं वाक्य. सुरुवातीला पोपटासारखं वाटायचं. हळूहळू तिला पायरी ऐकू यायला लागली.

काय निष्पन्न झालं

तेच 78 वर्षांच्या गृहस्थांचं पत्र तिनं काही आठवड्यांनी परत लिहिलं. ‘ही रिपोर्ट्स मॉडरेट, थ्रॉबिंग पेन इन द राइट हिप, रेटेड फोर आउट ऑफ टेन. देअर इज माइल्ड स्वेलिंग अराउंड द वूंड. ही इज स्लीपिंग पुअरली अँड इज करंटली फास्टिंग फॉर ॲन इन्व्हेस्टिगेशन.’ यात यादीतलं एकही विशेषण नाही. तरी तिचं इंग्रजी पहिल्यापेक्षा श्रीमंत झालंय, वाचणाऱ्याला खाटेवरचा माणूस दिसतो.

परीक्षेत स्पीकिंगला तिला बी ग्रेड मिळाली, रायटिंगला सी प्लस, म्हणजे एनएमसीला लागतं तेवढं झालं. लिसनिंगही निघालं. रीडिंगला मात्र 350 च्या थोडं खाली राहिलं, पहिल्या भागात चार छोटे उतारे आणि फक्त पंधरा मिनिटं असतात, तिथं ती वेळेत बसली नाही. त्याचा विशेषणांशी संबंध नाही, तो वेगळा अभ्यास आहे. पण निकाल आल्यावर तिचा जो मेसेज आला त्यात होतं, ‘मॅडम आय ॲम डिसअपॉइंटेड.’ चार महिन्यांपूर्वी हीच मुलगी डेव्हास्टेटेड लिहून मोकळी झाली असती.

वॉर्डातही थोडा फरक पडला असं इनचार्ज सिस्टर म्हणाल्या. हँडओव्हरमध्ये ती आता ‘पेशंटला लई त्रास आहे’ इतकंच सांगून थांबत नाही, काय, कसा, किती हे सांगते, मराठीतसुद्धा. हे आम्ही शिकवायला घेतलंच नव्हतं.

पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल

या प्रकरणानंतर मी बॅचचा क्रम बदललाय. आता पहिल्याच दिवशी पाठ केलेल्या याद्या बाहेर काढायला लावते, कारण जवळजवळ प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये एक असतेच, आणि त्यातले शब्द तीन ढिगांत टाकायला सांगते. घरी-मित्रांत चालणारे, पेशंटशी बोलताना चालणारे, आणि कागदावर चालणारे. स्टार्व्हिंग पहिल्यात, फ्रायटनिंग दुसऱ्यात, सिव्हिअर आणि प्रोफ्यूज तिसऱ्यात. काही शब्द कुठंच बसत नाहीत, त्यांना सोडून द्यायचं, जायगँटिकनं कुणाचं अडलेलं नाही. हे वर्षाच्या वेळी पहिल्या पत्रानंतर झालं, आधी झालं असतं तर तिचे दोन आठवडे वाचले असते.

रोल-प्लेही आता पत्रासोबतच सुरू करते. पत्रात विशेषण आवरायचं आणि बोलताना नेमकं उघडायचं, ही दोन उलट दिशेची कामं आहेत, आणि एक पक्कं झाल्यावर दुसरं घेतलं तर मुली बोलतानाही केस नोट्ससारख्या कोरड्या होतात. वर्षाला मधे तसं झालं होतं, रडणाऱ्या पेशंटला ती ‘यू आर इन मॉडरेट डिस्ट्रेस’ म्हणाली होती.

एका गोष्टीवर माझं आणि इनचार्ज सिस्टरांचं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, नवीन मुलीला सहा महिने विशेषण शिकवूच नये, नुसते आकडे आणि क्रियापदं. मला वाटतं पेशंट स्वतः विशेषणांतच बोलतो, ठणकतंय म्हणतो, भडभडून आलं म्हणतो, ते टिपायचे शब्द नर्सकडं नसतील तर तिच्या हातून निम्मी माहिती सुटते. पुढच्या बॅचमध्ये दोघी मिळून एक तास घेणार आहोत, त्या वॉर्डातल्या हँडओव्हरची वाक्यं आणतील, नावं काढून, आणि मुली ती दोन्ही पद्धतींनी लिहितील. वर्षाची परीक्षा परत पुढच्या महिन्यात आहे, तोवर तीही येऊन बसणार म्हणालीय.